पाठमोरा कोळीडान्स

दुपारी छतावर उन्हात संत्री सोलत बसले होते आणि मागच्या गल्लीतल्या शाळेतून आवाज आला, हॅलो, हॅलो, माइक चेक. मग गाण्याचा एवढासा तुकडा. बंद. परत तोच तुकडा. परत बंद. मी फोड तोंडात तशीच ठेवून थांबले, पुढचं गाणं येईल म्हणून. आलंच नाही. पण मला कळलं, गॅदरिंगची थंडी आली.

ही थंडी वेगळीच असते हो. स्वेटरच्या थंडीहून वेगळी. हिच्यात स्वेटर काढून ठेवावा लागतो, कारण आत टिकल्यांचा ड्रेस असतो आणि मॅडम म्हणतात स्टेजवर स्वेटर दिसला तर याद राखा. इतवारीच्या ड्रेसवाल्याकडून आलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास, त्यावर पावडर, त्यावर कोणाच्या तरी डब्यातल्या आलूवांग्याचा. दंडावर काटा आणि गालावर लाली. आणि दात वाजत असताना आपण कोळी. कोळी म्हणजे समुद्रावरचे. आमच्या वर्गात समुद्र कोणी पाहिला होता म्हणाल तर एका पोरीने, तोही गाडीतून. बाकी आमचा सगळा समुद्र फुटाळा तलावापाशी संपायचा. तरी दरवर्षी कोळीडान्स पाहिजे म्हणजे पाहिजे. नागपुरात गॅदरिंग असेल आणि कोळीडान्स नसेल तर लोकांना जेवल्यासारखं वाटत नाही.

तर झालं असं की मी यंदा जूनपासून एका शाळेत शिकवते, आणि स्टाफमध्ये सगळ्यात लहान असल्यामुळे गॅदरिंग माझ्या गळ्यात पडलं. वरून आमच्या प्रिन्सिपल मॅडम चहा पिता पिता म्हणाल्या, "आणि ते गाण्यांच्या लायसनचं काय असतं, ते पण जरा बघून घ्याल." जरा बघून घ्याल. माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. कारण हेच, अगदी हेच, मी नववीत असताना झालं होतं आणि मला ते तेव्हाही कळलं नव्हतं. आता मी शिक्षिका आहे, मला जास्त कळायला पाहिजे ना. नाही कळत.

नववीची गोष्ट सांगते. त्या वर्षी कुठूनतरी बातमी आली की कोणत्यातरी शाळेला गॅदरिंगमध्ये गाणी वाजवली म्हणून नोटीस आली. कोणती शाळा, ते कोणालाच माहीत नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, तिकडची. आमच्या मोठ्या मॅडमनी धसकाच घेतला. प्रार्थनेनंतर म्हणाल्या की गाणं हे कोणाच्या तरी मालकीचं असतं, ते विचारल्याशिवाय वाजवायचं नसतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्या गल्लीत तर गणपतीपासून लग्नापर्यंत सगळी गाणी न विचारताच वाजतात. मालक कुठे राहतो, कोणी कधी विचारलं होतं? माझ्या डोळ्यांसमोर एक जाडा माणूस आला, दारात खुर्ची टाकून बसलेला, आणि आम्ही पोरी रांगेत उभ्या, काका, तुमचं गाणं घेऊ का.

डान्स बसवायला पीटीचे ढोबळे सर होते. सरांनी सांगितलं, घाबरायचं काम नाही, तीस सेकंदांच्या आत घेतलं तर कोणी काही म्हणत नाही. त्यांच्या भाच्याने सांगितलं होतं, आणि भाचा कॉम्प्युटरवाला होता. मग सरांनी एक अख्खं कोळीगीत बाजूला ठेवलं आणि सात-आठ कोळीगीतांचे तुकडे एकाला एक चिकटवून आणले. होडी निघाली की लगेच बाजार, बाजार सुरू झाला की लगेच लग्न, नवरी उभी राहते न राहते तोच परत होडी. नाचताना आम्हाला कळेना, आम्ही मासे धरून राहिलो की विकून राहिलो.

तेव्हा कोमल म्हणाली, "सर, आधी एका गाण्याची परवानगी लागत होती. आता आठांची लागन ना?"

सरांनी गाणं परत सुरू केलं. मग म्हणाले, "तू नाच, कोमल."

कोमलबद्दल सांगायचंच राहिलं. कोमल माझी मैत्रीण, नरखेडकडच्या खेड्यातली. घरी संत्र्यांचा बगिचा. शाळेसाठी आठवीपासून नागपुरात होती, शकूकाकूंकडे. नात्याच्या नव्हत्या काकू. त्यांच्या घरातली एक खोली किरायाने, आणि जेवणखाण त्यांच्याचकडे, असा हिशोब. काकूंचं घर आमच्या शाळेला चिकटून, मधे फक्त भिंत. शाळेचं स्टेज त्याच भिंतीला पाठ लावून बांधायचे, कारण ग्राउंडचा उतार तिकडून होता. म्हणजे काकूंच्या छतावरून स्टेज एकदम जवळ, हात लांब केला तर पडद्याची दोरी धरता येईल इतकं, पण मागून.

आणि गॅदरिंग बघायला आमच्याकडे फक्त शाळेतली माणसं नसायची. आजूबाजूची सगळी छतं भरलेली. लोक सतरंज्या टाकत, फुटाणे घेऊन बसत. भिंतीवर पोट्टे. गेटवर भेळवाला, त्याची बायको, तिच्या कडेवरचं लेकरू, सगळे गॅदरिंगलाच आलेले. शकूकाकू त्यांच्या छतावर प्लास्टिकची खुर्ची टाकून, मफलर बांधून. त्यांनी इतक्या वर्षांचे सगळे डान्स मागूनच पाहिले होते. त्यामुळे त्यांना पोरी पाठीवरून ओळखू यायच्या. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तूच ते ना वं, गिरकी घेतांनी थांबते अन मंग सगळ्याइच्या मागून फिरते?" मीच ती. अजून तशीच फिरते.

बरं, काकू नुसत्या बघणाऱ्या नव्हत्या. आमच्या शाळेत मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती, म्हणून भिंतीतल्या छोट्या दारातून आम्ही सगळ्या काकूंच्या घरी जायचो. काकू पोरींना काष्टा घालून द्यायच्या. एकामागून एक. तोंडात पिना धरून, त्यामुळे नुसतं "हं, फिर" एवढंच बोलायच्या. त्यांनी घातलेला काष्टा उड्या मारल्या तरी सुटायचा नाही. मोठ्या मॅडमपण म्हणायच्या, शकूताई नसत्या तर आपला कोळीवाडा स्टेजवरच उघडा पडला असता.

आता लायसनकडे परत येते. तुकड्यांवर मॅडमचं समाधान झालं नाही. मग कोणीतरी म्हणालं, कोळीगीतं पारंपरिक असतात, त्यांना मालक नसतो. संगीताच्या बाई म्हणाल्या, गाणं पारंपरिक असेल पण रेकॉर्डिंग कोणीतरी केलं ना, ते त्याचं. मग कोणी म्हणालं, आपणच गाऊ. बाई म्हणाल्या, आणि चाल? चाल कोणाची? कोणालाच सांगता येईना. स्टाफरूमच्या दारातून आम्ही ऐकत होतो, आणि मला आठवतं की मला एकदम भीती वाटली होती, की आपण बाथरूममध्ये जे म्हणतो ते पण कोणाचं तरी असेल.

शेवटी एका मुलीचे वडील वकील होते, ते पालकसभेत उठले आणि म्हणाले, अहो, शाळांना कायद्यात सूट आहे. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी सादर केलं तर चालतं, फक्त बघणारे बाहेरचे नकोत. विद्यार्थी, शिक्षक, पालक, आणि, ते पुढे अजून काही म्हणाले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मॅडमना इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यांनी तिथेच जाहीर केलं: विद्यार्थी, शिक्षक, पालक. बस. बाकी कोणी नाही. आणि रेकॉर्डिंगचं काहीतरी वेगळंच असतं असंही त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून मोबाइल बंद. कोणी शूटिंग केलं तर डान्स तिथेच थांबेल.

दुसऱ्या दिवशी मंडपवाला आला आणि ग्राउंडच्या चारी बाजूंनी कनात बांधायला लागला. लाल-पिवळी जाड कापडं, बांबूंवर, उंच. छतं झाकायची म्हणून आणखी उंच. स्टेजच्या मागे मात्र त्याची कनात संपली, तिथे त्याने पांढरा पडदा लावला. म्हणजे बरोबर काकूंच्या छतासमोर.

काकू छतावर वाळवण उलटत होत्या. म्हणाल्या, "काहून गा, हे काय बांधून राहिला?"

मंडपवाला म्हणाला, "मले काय माहीत काकू. मॅडम म्हणते, गाणं बाहेर नाही गेलं पाहिजे."

"गाणं कापडानं थांबते होय?"

"नाई ना. म्हणून तर मले बी समजून नाही राहिलं."

मी आणि कोमल तिथेच उभ्या होतो.  कोमलचे आईबाबा येणार नव्हते, हे आधीच ठरलेलं. नेमका संत्र्यांचा तोडा, बगिच्यात व्यापाऱ्याची माणसं, ट्रक भरायचे, अशा वेळी घर सोडून कोण येणार. ते तिला मान्य होतं. ती मला एवढंच म्हणाली होती की बाकी कोणी नाही पाह्यलं तरी चालन, काकूनं पाह्यला पाहिजे. कारण काकू महिनाभर तिची प्रॅक्टिस पाहत होत्या, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, ती मागे नाचायची आणि काकूंची पाठ तिच्याकडे. काकू पाय वाजण्यावरून सांगायच्या, "चुकली." आणि चुकलेलंच असायचं.

आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मॅडम वाईट नव्हत्या हो, नुसत्या घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, "मग सोपं आहे ना. कोमलच्या आईबाबांचे दोन पास आहेतच. शकूताईंना म्हणावं, पालक म्हणून या." आम्ही उड्या मारत काकूंकडे. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी नाई तिची पालक. तिले माय हाय, बाप हाय. तिकडं राबून राहिले बिचारे, अन मी इथं त्याइच्या खुर्चीवर जाऊन बसू?"

कोमल म्हणाली, "काकू, नुसतं म्हणायचं."

"नुसतं काहून म्हणायचं? उद्या तुह्या मायनं विचारलं, माह्या जागी कोण बसलं होतं, तर?"

"ती नाही विचारत."

"नाही विचारत म्हणूनच नाही बसायचं." मग म्हणाल्या, "अन इतकी वर्षं माह्या छतावरून पाह्यलं. आता मी पालक हाय का नाही, हे गेटवरच्या शिपायाले सांगू? राहू दे."

तेव्हा मला काकूंचा राग आला होता. नंतर मॅडमचा आला. मग वकीलकाकांचा. आता कोणाचा करावा तेच कळत नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखे सगळ्यांचे काष्टे घातले. आम्ही भिंतीतल्या दारातून आत आलो, आणि आमच्या मागे शिपायाने ते दार लावून घेतलं. मला कडीचा आवाज अजून आठवतो. समोर बघते तर इतकं विचित्र ग्राउंड मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे खुर्च्यांवर नीट बसलेले. शिट्टी नाही, फुटाण्यांचा आवाज नाही. चारी बाजूंनी कापड, जसं कोणाच्या लग्नाचं जेवण चाललंय. पहिल्या काही रांगांत कोमलच्या आईबाबांच्या दोन खुर्च्या रिकाम्या, मॅडमनी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या म्हणून तिथे कोणी बसलं नाही.

डान्स सुरू झाला. ते तुकडे तुकडे गाणं. आधी कोमलची जागा उजव्या कोपऱ्यात होती, हातात वल्हं घेऊन, तिथेच तिने महिनाभर प्रॅक्टिस केली होती. पण सगळे तुकडे जोडल्यावर रांगा इतक्या उलटसुलट झाल्या की आदल्या दिवशी सरांनी तिला मधोमध आणलं आणि वल्हं दुसरीला दिलं. मी तिच्या बरोबर मागे. समोरून मोठे लाइट. पांढऱ्या पडद्यावर आमच्या सावल्या हलत होत्या, लांबच लांब. मी गिरकीत मागे वळले तेव्हा क्षणभर दिसल्या. आणि पडद्याच्या पलीकडे छत. काकू आहेत की नाहीत, काही दिसेना.

डान्स संपल्या संपल्या आम्ही दार उघडायला लावून पळालो. काकू छतावरच होत्या, खुर्चीत, मफलर बांधून. आम्हाला बघून हसल्या.

"पाह्यलं वं सगळं. सावल्या पडून राहिल्या होत्या ना पडद्यावर. उजव्या कोपऱ्यात वल्हं घेऊन तूच होती, ओळखलीच मी लगेच."

"हो काकू," कोमल म्हणाली.

मग आम्ही गरम गरम तर्रीपोहे खाल्ले, काकूंनी पिना काढून डब्यात ठेवल्या, आणि मला वाटलं, चला, झालं एकदाचं चांगलं. खरंच, मला तेव्हा काहीच खटकलं नाही. मी पोह्यांत होते.

हे सगळं मला यंदा का आठवलं, तर आमच्या शाळेच्या वकीलसाहेबांना मी फोन लावला. त्यांनी तेच सांगितलं, विद्यार्थी, शिक्षक, पालक. मी म्हटलं, हो हो, माहीत आहे. ते म्हणाले, "पूर्ण ऐका. आणि शाळेच्या त्या उपक्रमांशी जोडलेली माणसं."

मी म्हटलं, "म्हणजे कोण?"

"म्हणजे जी कामात असतात ती."

"कोळीडान्सच्या मुलींना काष्टा घालून देणारी बाई?"

 "बहुतेक हो."

"बहुतेक?"

"मॅडम, कायद्यात काष्टा लिहिलेला नसतो."

मी फोन ठेवला. म्हणजे टाळ्यांमध्ये जे बुडालं ते हे होतं. म्हणजे काकूंना पालक व्हायची गरजच नव्हती, कोणाच्याही खुर्चीवर बसायची गरज नव्हती, त्या काकू म्हणूनच येऊ शकत होत्या. बहुतेक. मी लगेच कोमलला फोन लावला, ती आता उमरेडला बँकेत आहे. एका दमात सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, जाऊ दे, निदान सावलीत तरी पाह्यलं ना काकूंनी तुला.

कोमल म्हणाली, "मी उजव्या कोपऱ्यात होतीच कुठं वं?"

मला समजायला वेळ लागला. वल्हं घेतलेली कोमल नव्हतीच. काकूंना सावल्यांतून काहीच कळलं नव्हतं, त्यांनी कोमलने सांगितलेली प्रॅक्टिसची जागा लक्षात ठेवून ठोकून दिलं होतं. आणि कोमलला ते त्याच क्षणी कळलं होतं.

"मंग तू हो काहून म्हटलं?"

"तर काय म्हणू? ती थंडीत तेवढा वेळ बसली होती कापडासमोर."

 मला समजेना, यात खोटं कोण बोललं.

तर मी काय केलं, आमच्या शाळेच्या कार्यक्रमाच्या कागदावर काम करणाऱ्यांमध्ये शकूकाकूंचं नाव टाकलं. काष्ट्यांसाठी. खरंच टाकलं, उगीच नाही, आमच्या पोरींना कोणालाच काष्टा घालता येत नाही, मलापण नाही. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, कोमल थोडीच नाचून राहिली, मी कशाले येऊ. मी म्हटलं, काकू, काम आहे. काम म्हटल्यावर आल्या. काल प्रॅक्टिसला ई-रिक्षाने आल्या, पिनांचा तोच डबा घेऊन, मफलर बांधून. भराभर पोरी उभ्या केल्या. हं, फिर. हं, फिर.

मग मी त्यांना समोर खुर्चीत बसवलं. आमचं स्टेज भिंतीला वगैरे नाही, हॉलमध्ये आहे. गाणं एकच घेतलंय, अख्खं. डान्स सुरू झाला आणि काकू पुढे वाकून बघायला लागल्या. मला वाटलं काष्टे बघत असतील.

"अवं," त्या म्हणाल्या, "ह्या तर हसून राहिल्या."

"हो काकू. हसत हसत नाचायचं असतं. मीच सांगितलंय."

"पह्यलेपासून हसतात?"

"म्हणजे काय, काकू. आम्ही पण हसायचो."

 पोरी होडी वल्हवत डावीकडे गेल्या, उजवीकडे आल्या. आयुष्यभर काकूंनी डान्स मागूनच पाहिले, शेपटे पाहिले, काष्टे पाहिले, कोण उशिरा वळते ते पाहिलं, आणि नाचतानाची तोंडं ही काल पहिल्यांदा. मग त्यांनी माझा हात धरला.

"कोमल बी हसे का वं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि आठवून बघितलं. मला तिचा अंबाडा आठवला. त्यातली एक पिन निघायला आली होती ती. मानेवरचा घाम, इतक्या थंडीत. काष्ट्याची गाठ. मी तिच्या मागच्या रांगेत होते. मोबाइल सगळे बंद होते. तिच्या आईबाबांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाकी सगळ्यांच्या आईबाबांनी पाहिलं असेल, नियमाप्रमाणे, समोर बसून. त्यांना विचारायला पाहिजे. पण कोणाला आठवणार, मधोमध कोण होती.

"थांबा, तिलाच विचारते," मी म्हटलं, आणि तिथूनच कोमलला फोन लावून स्पीकरवर टाकला. "कोमल, शकूकाकू विचारून राहिल्या, तू नाचताना हसायची का?"

पलीकडे बँकेतला आवाज, कोणीतरी टोकन नंबर ओरडत होतं. 

"आता मले काय माहीत काकू," ती म्हणाली. "मी थोडीच समोर बसली होती."